गणेशखिंड आणि मुळशी : एका विद्यापीठाच्या इतिहासाचे वाचन

विद्यापीठाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की तो बहुधा कुलगुरूंच्या नामावलीतून लिहिला जातो. तैलचित्रे ओळीने लावावीत, प्रत्येक चित्राखाली दोन सनावळ्या घालाव्यात आणि त्या सनावळ्यांमधील अंतरांना कालखंड म्हणावे, अशी ही पद्धत आहे. पुणे विद्यापीठाच्या बाबतीत हा मोह अधिकच होतो, कारण त्याची नामावली असाधारण आहे. पहिले कुलगुरू प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर बसलेले, दुसरे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, चौथे महामहोपाध्याय, पाचवे स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातील मंत्री, सहावे पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झालेले अर्थशास्त्रज्ञ. अशी मालिका भारतातील फार थोड्या विद्यापीठांना लाभली असेल. परंतु ही नामावली सलग वाचत गेले तर माणसे मोठी होत जातात आणि विद्यापीठ मात्र दिसेनासे होते. ते ज्या प्रदेशासाठी स्थापन झाले, तो प्रदेश तर मुळीच दिसत नाही.

म्हणून हे वाचन उलट दिशेने करून पाहण्यासारखे आहे. गणेशखिंडीतून बाहेर पाहण्याऐवजी बाहेरच्या एखाद्या स्थळावरून गणेशखिंडीकडे पाहावे. असे एक स्थळ म्हणजे मुळशी. सह्याद्रीच्या कुशीत मुळा आणि निळा यांच्या संगमापाशी टाटांच्या कंपनीने बांधलेल्या धरणामागे पौड खोऱ्यातील गावे बुडाली. तीच मुळा पुढे औंधावरून, म्हणजे विद्यापीठाच्या आवारापासून हाकेच्या अंतरावरून, वाहत पुण्याला येते. फरक एवढाच, की धरणात अडलेले पाणी पूर्वेकडे येतच नाही. ते घाटमाथ्यावरून पश्चिमेस भिऱ्याच्या वीजघरावर पडते आणि त्याची वीज मुंबईच्या कामी येते. पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील तालुक्यांपैकी हा एक. विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी पाव शतक येथे जे घडले, त्याच्याशी विद्यापीठाच्या पूर्वसूरींचा आणि कुलगुरूंचा संबंध वरवर पाहता काहीच नाही. या नसलेल्या संबंधाचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वास्तूविषयी. गणेशखिंडीचे मुख्य भवन हे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचे पावसाळी निवासस्थान. सर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत त्याचे बांधकाम सुरू झाले. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ याच भवनात झाला आणि तेथून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुण्याच्या राजकीय स्मृतीत गणेशखिंड हे नाव प्रथम रक्ताने लिहिले गेले. विद्येने ते पुसले नाही, त्यावर फक्त दुसरा थर दिला. १९४८ साली मुंबईच्या विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्यान्वये १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ अस्तित्वात आले. आरंभीचे काही महिने त्याचे कार्यालय भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवारातील निजामाच्या अतिथिगृहात होते. मुख्यमंत्री आणि शिक्षणमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकारामुळे चारशे एकरांहून अधिक विस्ताराचा हा राजनिवास विद्यापीठाकडे आला. सत्तेची वास्तू विद्येला मिळाली, या गोष्टीचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते यथार्थही आहे. पण वास्तूंना स्वतःचे व्याकरण असते. लांब वाहनमार्ग, मध्यभागी मनोरा, भोवती राखलेले अंतर, हे सारे प्रजेने दुरून पाहावे यासाठी रचलेले होते. तेथे विद्यापीठ आल्याने ते अंतर आपोआप मिटले असे समजण्याचे कारण नाही.

पुण्यात विद्यापीठ असावे ही मागणी ज्या काळात आकाराला आली, त्या काळात तिचे नाव ‘महाराष्ट्र विद्यापीठ’ असे होते. या नावात दोन वेगवेगळ्या आकांक्षा एकत्र नांदत होत्या. एक, केवळ परीक्षा घेणाऱ्या मुंबई विद्यापीठाहून निराळे, शिकविणारे आणि संशोधन करणारे विद्यापीठ. दुसरी, मराठीचे विद्यापीठ. दुसऱ्या आकांक्षेचा इतिहास जुना होता. मुंबई विद्यापीठात देशी भाषांना पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट केली. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात मातृभाषा हेच उच्च शिक्षणाचे माध्यम ठरविले. शासनाची मान्यता नसताना, पदव्यांना बाजारात किंमत नसताना. हिंगण्याच्या माळावरील त्या प्रयोगाला पुण्यातील विद्वानांनी आदर पुष्कळ दिला, अनुकरण मात्र केले नाही. १९४२ साली मुंबई सरकारने महाराष्ट्र विद्यापीठाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे विद्यापीठ झाले तेव्हा त्याचे नाव ‘महाराष्ट्र’ राहिले नव्हते. ते ‘पूना’ झाले होते. भाषिक राज्य अजून दूर होते, हे त्याचे सरळ कारण. तथापि नावातून प्रदेश वजा होऊन शहर उरले, ही घटना पुढील इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण म्हणावी लागते.

येथे पारिभाषिक शब्दांविषयी थोडे विषयांतर करण्यास हरकत नाही. इंग्रजी पदनामाचा शब्दशः अर्थ पाहिला तर विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभारी हा ‘उप’ असतो. मराठीने ते उपपद टाकून ‘कुलगुरू’ हा शब्द स्वीकारला आणि राज्यपालास ‘कुलपती’ केले. संस्कृत परंपरेत दहा हजार शिष्यांना अन्न देऊन शिकविणारा तो कुलपती. जो अन्नही देत नाही आणि शिकवीतही नाही, त्याला ही पदवी मिळाली, हा भाषांतराचा विनोद झाला. हिंदीने हा घोळ वेगळ्या रीतीने सोडविला आहे. पण ‘कुलगुरू’ या शब्दाने मराठी मनात एक आश्रमीय प्रतिमा रुजविली : कुलगुरू हा अधिकारी नव्हे, पूज्य पुरुष. चरित्रात्मक इतिहासलेखनाचा सोस त्या प्रतिमेतूनही आला असावा.

आता मुळशी. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या जागी सत्याग्रहास प्रारंभ झाला. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा कंपनीच्या बाजूने उभा होता. सुमारे पन्नास गावांची जमीन जाणार होती. काम काही काळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी येथेच मिळाली. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे या आंदोलनात तुरुंगात गेले. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामावरील गाडी अडवून शस्त्र वापरले, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि आंदोलन संपले. धरण १९२७ साली पूर्ण झाले. बापट हे डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी, मुंबई विद्यापीठाच्या मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेलेले आणि तेथील राजकीय भाषणामुळे ती शिष्यवृत्ती गमावलेले. म्हणजे विद्यापीठीय विद्येचा एक धागा मुळशीपर्यंत आला होता, तो विद्यापीठाने तोडल्यानंतर.

याच वर्षांत पुढे पुण्याचे दुसरे कुलगुरू झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते (१९२१-२३). हा योगायोग आरोपाच्या स्वरूपात मांडणे अन्यायाचे होईल. १९१९ च्या सुधारणांनी आणलेल्या द्विदल राज्यपद्धतीत खात्यांची वाटणी झालेली होती : शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती हिंदी मंत्र्यांकडे, जमीनमहसूल, पोलीस, न्याय ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी सभासदांकडे. मुळशीच्या जमिनीसंबंधी परांजपे यांच्या हाती काही नव्हते. परंतु वाटणीचे हे तत्त्वच विचार करण्यासारखे आहे. नव्या हिंदी अभिजनांना शिक्षण मिळाले आणि जमीन राखून ठेवली गेली. शिक्षणाचा जमिनीशी काही संबंध आहे, हा विचारच या प्रशासकीय रचनेने अशक्य करून टाकला. द्विदल पद्धती १९३७ मध्ये गेली. मनातली द्विदल पद्धती गेली काय, हा प्रश्न आहे. पुण्याचे विद्यापीठ ज्या विद्वानांनी घडविले, त्यांच्या सार्वजनिक जीवनाची जडणघडण याच काळातली. त्यांच्या उदारमतवादाविषयी, चारित्र्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्यांच्या ज्ञानविषयक कल्पनेच्या सीमारेषेविषयी.

ही सीमारेषा पाहण्याचे उत्तम साधन म्हणजे कुलगुरूंची आत्मचरित्रे. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालांपेक्षा ती अधिक बोलतात; आणि ज्या गोष्टी ती बोलत नाहीत, त्यांनाही अर्थ असतो. जयकरांचे ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ दोन खंडांत १९५८ आणि १९५९ साली निघाले. लेखक १९४९ ते १९५६ या काळात पुण्याचे कुलगुरू, मात्र कथन १८७३ पासून निघून १९२५ पाशी थांबते. दुसरा खंड तर १९२२ ते १९२५ या अवघ्या तीन-चार वर्षांचा आहे. स्वराज्य पक्षाचे मुंबई कौन्सिलातील नेते म्हणून जयकर जेव्हा ऐन उमेदीत होते, तो हा काळ; आणि बापटांच्या अखेरच्या उठावाचाही हाच. ज्या विद्यापीठाची त्यांनी स्थापना केली ते विद्यापीठ या आत्मचरित्राच्या कालमर्यादेबाहेर राहिले. मृत्यूने लेखणी थांबविली हे खरे. पण आयुष्याच्या मोजमापात तीन वर्षांच्या कौन्सिलाला एक संपूर्ण खंड द्यावासा वाटणे, यात त्या पिढीचा मूल्यक्रम दिसतो. तिच्या दृष्टीने इतिहास म्हणजे विधिमंडळ, वाटाघाटी आणि पत्रव्यवहार. जयकरांचे संस्थात्मक कार्य मात्र या मूल्यक्रमाहून मोठे आहे, हेही म्हटले पाहिजे. १९२७ साली नेमलेल्या, देशातील रस्त्यांच्या विकासाचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. रस्ते आणि विद्यापीठे या दोन्ही गोष्टी आडवळणाच्या गावांना जगाशी जोडतात, निदान जोडतील अशी अपेक्षा असते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे, ते योग्यच आहे.

परांजपे यांचे ‘एटी-फोर, नॉट आउट’ १९६१ साली आले. शीर्षकातील क्रिकेटचे रूपक पाहण्यासारखे आहे. मुर्डीसारख्या कोकणातील खेड्यात जन्मलेला, चुलतबंधू धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराने शिकलेला मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत अव्वल येतो, फर्ग्युसनचा प्राचार्य होतो, लखनौचा कुलगुरू, ऑस्ट्रेलियात हाय कमिशनर आणि शेवटी पुण्याचा कुलगुरू (१९५६-५९). हे सारे आयुष्य ज्या रूपकात बांधले आहे ते ‘नाबाद’ फलंदाजाचे आहे : एकट्याचा डाव, नियम आधीच ठरलेले, पंच निःपक्षपाती असल्याची श्रद्धा. या रूपकात मैदान कोणाच्या जमिनीवर आखले आहे, हा प्रश्न उद्भवत नाही. कर्व्यांनी मराठीतून विद्यापीठ चालविले, त्यांच्याच छायेत वाढलेल्या परांजप्यांनी जीवनाची कथा इंग्रजीतून सांगितली. दोघेही आपापल्या ठिकाणी प्रामाणिक होते. पण पुण्याच्या विद्यापीठाने दोघांपैकी कोणाची वाट धरली, हे उघड आहे.

दत्तो वामन पोतदार १९६० च्या दशकाच्या आरंभी कुलगुरू झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र नुकताच अस्तित्वात आला होता आणि मराठीच्या पक्षपात्यांना आपला माणूस गादीवर आल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. पोतदारांचे ‘मराठी गद्याचा इंग्रजी अवतार’ हे १९२२ चे पुस्तक मराठी वाङ्मयेतिहासात टिकून आहे. शीर्षकात ‘प्रभाव’, ‘परिणाम’ असे शब्द न वापरता ‘अवतार’ हा शब्द त्यांनी योजला, यात एक सूक्ष्म भूमिका आहे. अवतार घेणारे तत्त्व मूळचेच असते, बदलतो तो केवळ देह. इंग्रजी अमलात मराठी गद्य जन्मले नाही, त्याने नवे रूप घेतले, असे हे म्हणणे. वसाहतकालीन गद्याविषयीची आजची चर्चा पुष्कळ वेगळ्या परिभाषेत चालते, पण प्रश्न तोच आहे. हे पुस्तक निघाले त्या वर्षी मुळशीचे आंदोलन चालू होते आणि ‘मावळा’ हा शब्द पुण्याच्या वृत्तपत्रांत आणि सभांत पुन्हा पुन्हा उच्चारला जात होता. शिवाजीच्या मावळ्यांचे वंशज, अशी ती भाषा. भारत इतिहास संशोधक मंडळातून पोतदारांच्या पिढीने मावळच्या देशमुखांची दप्तरे, करीने, महजर मोठ्या कष्टाने जमविले. सतराव्या शतकातील मावळा अशा रीतीने कागदावर सुरक्षित झाला. विसाव्या शतकातील मावळ्याचा सातबारा त्याच सुमारास कंपनीच्या नावे होत होता, आणि तो कागद कोणत्याही संशोधन मंडळाच्या कक्षेत येत नव्हता. पोतदारांनी हाती घेतलेले शिवचरित्र अखेरपर्यंत पुरे झाले नाही, यावर पुण्यात विनोद पुष्कळ झाले. त्या विनोदांमागचा खरा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही : साधनांचा डोंगर जमविणाऱ्या परंपरेला कथन का साधत नाही? कदाचित ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्या चालू आयुष्याशी तिचा संवाद नव्हता म्हणून.

त्यानंतरचे दोन गाडगीळ एकमेकांहून अत्यंत भिन्न. पण प्रस्तुत संदर्भात त्यांना एकत्र वाचावे लागते. काकासाहेब, म्हणजे नरहर विष्णु गाडगीळ, १९६४ पासून जानेवारी १९६६ मध्ये निधन होईपर्यंत कुलगुरू होते. १९२०-२१ पासून पुण्याच्या काँग्रेसमध्ये वावरलेला हा माणूस. अर्थशास्त्र सामान्यांच्या बोलीत आणण्यासाठी त्यांनी ‘ग्यानबाचे अर्थशास्त्र’ लिहिले. आत्मचरित्र मराठीत लिहिले आणि त्याचे नाव ‘पथिक’ ठेवले. त्यांच्या मंत्रिपदाच्या आठवणी १९६८ साली इंग्रजीत आल्या त्या ‘गव्हर्नमेंट फ्रॉम इनसाइड’ या नावाने. मराठीतला वाटसरू इंग्रजीत सरकारच्या आतला माणूस झाला. भाषांतराचा हा प्रवास केवळ प्रकाशकाच्या सोयीचा मानता येईल. पण दोन भाषांतील वाचकवर्ग लेखकाकडून कोणती ओळख मागतात, हेही त्यातून कळते. बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती काकासाहेबांकडे असताना भाक्रा-नांगलसारख्या प्रकल्पांची पायाभरणी झाली. धरण आता परकीय सत्तेच्या आणि भांडवलदार कंपनीच्या नावाने ओळखले जात नव्हते. ते राष्ट्राचे झाले होते. ज्या ग्यानबासाठी अर्थशास्त्र लिहिले, त्या ग्यानबाची जमीन राष्ट्राच्या धरणात गेली तर त्याने कोणाविरुद्ध सत्याग्रह करावयाचा, या प्रश्नाला त्या पिढीजवळ शब्द नव्हते. हा दोष एकट्या काकासाहेबांचा नव्हे.

धनंजयराव गाडगीळ यांचा ‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला, मुळशीच्या शेवटच्या वर्षी. १९३० पासून गोखले अर्थशास्त्र संस्था त्यांनी घडविली, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबरोबर काम केले. १९६६-६७ मध्ये ते कुलगुरू होते आणि तेथून नियोजन मंडळावर गेले. पुण्याच्या विद्वानांपैकी ग्रामीण महाराष्ट्रात प्रत्यक्ष उतरलेले ते फार थोड्यांपैकी एक. गोखले संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी करून १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा अहवाल हा भारतातील सिंचनविषयक अर्थशास्त्रात मैलाचा दगड ठरला. त्याच्या उपशीर्षकातच शोधाचा विषय सांगितला आहे : सिंचनाचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ. लाभ दोन प्रकारांनी मोजले गेले. हानीसाठी तसा स्तंभ नव्हता. धरणाच्या खालच्या अंगाला उभे राहून पाहिले की कालवा दिसतो. वरच्या अंगाला उभे राहिले की बुडीत दिसते. पुण्याच्या समाजशास्त्राला धरणाच्या वर जाण्यास आणखी वीस वर्षे लागली. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची केलेली पाहणी डेक्कन कॉलेजने १९६९ साली इंग्रजीत प्रसिद्ध केली. एका ललित लेखिकेची नजर असलेल्या मानवशास्त्रज्ञेने हे काम करावे, हे आकस्मिक नसावे.

हरिभाऊ पाटसकर, ग. स. महाजनी, देवदत्त दाभोलकर या कुलगुरूंच्या काळाचा विस्तार येथे करण्याचे प्रयोजन नाही. त्यांतील प्रत्येकाची कर्तबगारी मोठी. पाटसकरांचा हिंदू कायद्याच्या सुधारणेतील वाटा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. विद्यापीठाच्या दृष्टीने या काळाचे वैशिष्ट्य म्हणजे विस्तार आणि संकोच एकाच वेळी घडले. १९४९ साली अठरा महाविद्यालये आणि आठ हजारांवर विद्यार्थी घेऊन निघालेली संस्था वाढतच गेली. पण १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि दक्षिणेकडील जिल्हे गेले, १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाबरोबर धुळे आणि जळगाव गेले. पुणे, अहमदनगर आणि नाशिक उरले. राम ताकवले १९७८ ते १९८४ या काळात कुलगुरू होते. पुढे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे करण्याचे काम त्यांच्याकडे आले. भिंतींचे विद्यापीठ चालविलेल्या माणसाने भिंती नसलेले विद्यापीठ काढले आणि त्यात मराठीला माध्यम म्हणून खरीखुरी जागा मिळाली, ही गोष्ट गणेशखिंडीविषयी पुष्कळ सांगून जाते. गणेशखिंडीतही मराठीतून गंभीर विचार होत नव्हता असे नाही. तत्त्वज्ञान विभागाशी निगडित ‘परामर्श’ या त्रैमासिकामागे सुरेंद्र बारलिंगे यांनी आपली सारी शक्ती उभी केली. मराठीत तत्त्वज्ञान लिहिता येते हे त्याने अंकागणिक सिद्ध केले. परंतु असे प्रयत्न व्यक्तींच्या चिकाटीवर तगले. कला शाखेत मराठीतून उत्तरपत्रिका लिहिण्याची मुभा मिळाली. मराठीतून ज्ञान निर्माण करण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याही सेवाशर्तींत लिहिली गेली नाही.

या पार्श्वभूमीवर १९९४ या वर्षाला महत्त्व आहे. त्या वर्षी राजेंद्र व्होरा यांचा ‘मुळशी सत्याग्रह’ हा ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. व्होरा हे पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागाचे प्राध्यापक. यापूर्वी आंदोलनाचा वृत्तान्त त्यात सहभागी झालेल्या विनायकराव भुस्कुटे यांनी लिहून ठेवला होता. तो कार्यकर्त्याचा निष्ठावंत इतिहास होता. व्होरांनी निष्ठेच्या जागी विश्लेषण आणले. मुळशीच्या जमिनीत पुण्यातील सावकारांचे हितसंबंध होते, मावळातील कुळे आणि शहरातील जमीनमालक यांची आघाडी मोबदल्याचा प्रश्न येताच कशी विस्कटली, राष्ट्रीय चळवळीच्या भाषेत शेतकऱ्याचे गाऱ्हाणे बसविताना त्याचे काय हरवले, हे त्यांनी दाखविले. पुण्याच्या विद्वत्तेने प्रथमच मुळशीकडे पाहिले आणि तेथे तिला स्वतःचेच प्रतिबिंब दिसले. ते सुखद नव्हते. हा ग्रंथ मराठीत लिहिला गेला. त्याचे इंग्रजी रूप येण्यास पंधरा वर्षे गेली आणि २००९ साली ते आले तेव्हा लेखक हयात नव्हते. इंग्रजी शीर्षकात ‘जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन’ असा दावा पुढे आला आणि मुळशीचे नाव मागे गेले. मराठी शीर्षकाला असा दावा करावा लागला नव्हता. मराठी वाचकाला मुळशी कोठे आहे हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. आवश्यकता होती ती त्याला ठाऊक असलेल्या नावामागचे ठाऊक नसलेले दाखविण्याची. दोन शीर्षके दोन वाचकवर्ग घडवितात आणि दोन निरनिराळे ग्रंथ होतात. विद्यापीठीय मूल्यमापनाच्या आजच्या कोष्टकांत यांपैकी कोणत्या ग्रंथाला अधिक गुण पडतील, हे सांगण्यासाठी समीक्षकाची गरज नाही.

मुळशीचा इतिहास असा १९९४ मध्ये लिहिला जावा यामागे नर्मदेचे आंदोलन होते, हे उघड आहे. सरदार सरोवराचा फेरविचार करण्यासाठी १९९३ साली केंद्र सरकारने नेमलेल्या पाच जणांच्या गटात वसंत गोवारीकर होते. तेच १९९५ ते १९९८ या काळात पुण्याचे कुलगुरू झाले. मोसमी पावसाच्या अंदाजाचे प्रतिमान तयार करणारा हा वैज्ञानिक मराठीतून विज्ञान बोलणारा होता. धरणाच्या वरच्या अंगाचे प्रश्न कागदोपत्री का होईना अभ्यासलेला कुलगुरू विद्यापीठाला प्रथमच लाभला. काकासाहेब गाडगीळांपासून गोवारीकरांपर्यंतच्या तीस वर्षांत धरण हे उत्तर होते ते प्रश्न झाले. हा बदल विद्यापीठाने घडविला नाही. तो खोऱ्यांतून आला आणि विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचला.

कुलगुरूंच्या आत्मचरित्रांची जी मालिका वर पाहिली, तिच्यात नरेंद्र जाधव यांच्यामुळे एक निराळी संहिता आली. त्यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक १९९३ चे. लेखक कुलगुरू झाले ते २००६ मध्ये. म्हणजे येथे आत्मकथन पदाच्या आधी आले. पदाने आयुष्याला अर्थ दिला नाही. शीर्षकातला कर्ता एकवचनी नाही. ‘आन्’ हा उच्चार प्रमाण मराठीचा नाही. आणि कथेच्या केंद्रस्थानी नाशिक जिल्ह्यातील ओझरहून मुंबईला आलेला, बंदरात राबलेला बाप आहे, ज्याने मुलाच्या आग्रहावरून स्वतःच्या आठवणी लिहून काढल्या. परांजपे यांच्या एकट्याच्या नाबाद डावाशेजारी हे ‘आम्ही’ ठेवून पाहिले की विद्यापीठात काय बदलले आणि ते किती उशिरा बदलले, हे एकाच वेळी ध्यानात येते. जाधवांच्या पुस्तकात यशाचीही एक गाथा आहे आणि दलित आत्मकथनांच्या परंपरेत त्या सुराविषयी मतभेद होऊ शकतात. पण विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील एका खेड्याने कुलगुरूच्या आत्मकथनात केवळ जन्मस्थळ म्हणून नव्हे तर कथनाचा कर्ता म्हणून प्रवेश केला, हे नाकारता येत नाही.

२०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. नामविस्ताराच्या समारंभी भाषेत बहुधा विसरली जाणारी एक गोष्ट म्हणजे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेले निवेदन. सरकारी महसूल कष्टकरी शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि तो उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातील प्राथमिक शिक्षण मात्र उपेक्षित राहते, असा त्याचा आशय होता. जमीन आणि शिक्षण यांचा संबंध त्यांनी द्विदल पद्धतीच्या चाळीस वर्षे आधी जोडून दाखविला होता. आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई कौन्सिलात विद्यापीठ कायद्यावर बोलताना मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न उभा केला, तोही याच धाग्याचा पुढचा भाग होता. गणेशखिंडीच्या पाटीवर आज जे नाव आहे, ते ज्या विचारपरंपरेचे आहे तिने विद्यापीठ या कल्पनेकडेच संशयाने पाहिले होते. नाव स्वीकारताना तो संशय स्वीकारला गेला किंवा नाही, हे अभ्यासक्रमांतून पाहावे लागेल. पाटीवरून ते कळणार नाही.

मुळशी तालुकाही दरम्यान बदलला. हिंजवडीची संगणक वसाहत याच तालुक्यात आहे. मोसे खोऱ्यात लवासाचे नगर उभे राहिले आणि रखडले. टेमघरचे पाणी पुण्याला येते. भूसंपादनाचा जुना कायदा जाऊन २०१३ मध्ये नवा आला. लवळ्याच्या डोंगरावर खाजगी विद्यापीठांची आवारे आहेत, पौड रस्त्यावरून त्यांच्या बसगाड्या जातात. ज्या मुलुखाला पुण्याचे विद्यापीठ पाऊण शतक दूरचे होते, तेथे आता विद्यापीठेच येऊन बसली आहेत. त्यांच्या अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे.